वाचा पाहू टायरवरचे आकडे!

मुलांनो, एक कोडं घालतो. अंगभर अक्षरं आहेत, पण पुस्तक नाही. आकडे आहेत, पण पाढा नाही. रोज दारात उभं असतं, पण घरातलं कुणीच ते वाचत नाही. सांगा पाहू काय?

नाही ना आलं? मग जरा अंगणात जा. गाडी बंद आणि नीट स्टँडवर लावलेली आहे ना, हे बघून घ्या. आता चाकापाशी उकिडवे बसा आणि ओल्या फडक्यानं टायरच्या बाजूवरची धूळ पुसा. काय दिसतं? इंग्रजी अक्षरं आणि आकडे! हेच आपल्या कोड्याचं उत्तर. मोटारसायकलचा टायर.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणीपासून उमरखेडपर्यंत कुठल्याही गावात जा, बंडीच्या शेजारी मोटारसायकल उभी दिसतेच. शेतात जायचं, आठवडी बाजार करायचा, खताचं पोतं आणायचं, आजीला दवाखान्यात न्यायचं, सगळं हिच्याच जिवावर. आणि ती स्वतः उभी असते फक्त दोन टायरांवर. एका वेळी टायरचा जेवढा भाग रस्त्याला टेकतो, तो जेमतेम तुमच्या तळहाताएवढा! बाबा, आई, पोतं, गाडी, सगळ्यांचा भार त्या दोन तळहातांवर. मग त्या टायरनं स्वतःबद्दल काय सांगून ठेवलंय, हे आपल्याला वाचता यायला नको?

एकदा मधल्या सुट्टीत माझ्या गाडीचा टायर मुलांना दाखवला. चौथीतला एक जण डोळे मोठे करून म्हणाला, "सर, याच्यावर तं गणितच लिहून हाय!" अगदी बरोबर बोलला तो. चला, ते गणित सोडवू या.

किती रुंद, किती उंच?

आपल्याकडच्या पुष्कळशा १०० सीसीच्या गाड्यांच्या मागच्या टायरवर असा आकडा असतो: ८०/१००-१८. हे काही भागाकाराचं उदाहरण नव्हे बरं का! यातला प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट सांगतो.

पहिला ८० म्हणजे टायरची रुंदी, ८० मिलिमीटर. आपल्या पट्टीवर मोजली तर ८ सेंटिमीटर.

दुसरा १०० म्हणजे टायरची उंची. इथं एक गंमत आहे. हे १०० मिलिमीटर नाहीत, हे टक्के आहेत! रुंदीच्या शंभर टक्के उंची. रुंदी ८०, म्हणून उंचीही ८० मिलिमीटर. दुसऱ्या एखाद्या गाडीवर १००/९०-१७ असं असेल, तर रुंदी १०० मिलिमीटर आणि उंची तिच्या ९० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. शेकडेवारी कशाला शिकायची, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा!

शेवटचा १८ म्हणजे ज्या रिंगवर टायर बसतो तिचा व्यास, आणि तो मात्र इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिघंही सुखानं नांदतात. जुन्या काळी सगळी मापं इंचातच असत. पुढे मिलिमीटर आले, पण रिंगचं माप इंचातच राहिलं. काही टायरांवर तुम्हाला २.७५-१८ असं दिसेल. ती जुनी पद्धत. त्यात रुंदीही इंचातच, २.७५ इंच, म्हणजे साधारण ७० मिलिमीटर.

ट्रॅक्टरकडेही बघून या. पुष्कळ ट्रॅक्टरांना पुढे ६.००-१६ आणि मागे १३.६-२८ असे टायर असतात. आता तुम्हीच सांगा, मागचा टायर किती इंच रुंद आणि त्याची रिंग किती इंचाची?

तुमच्या सायकलचा हिशेब मात्र उलटा असतो. घरातल्या जुन्या मोठ्या सायकलच्या टायरवर २८ × १ १/२ असं लिहिलेलं असतं. इथं आधी टायरसकट चाकाचा व्यास येतो, २८ इंच, आणि मग रुंदी, दीड इंच.

एका किलोमीटरला किती फेरे?

आता पाचवीपासून पुढच्यांनी वही-पेन्सिल घ्या. धाकट्यांनी दादा-ताईच्या शेजारी बसावं.

आपला टायर ८०/१००-१८. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. म्हणून रिंगचा व्यास १८ गुणिले २५.४, म्हणजे सुमारे ४५७ मिलिमीटर. त्यात वरच्या बाजूचे ८० आणि खालच्या बाजूचे ८० मिळवा. झाले ६१७. हा चाकाचा पूर्ण व्यास. त्याला ३.१४ नं गुणलं की परीघ मिळतो: सुमारे १९४ सेंटिमीटर. चाक एकदा फिरलं की गाडी साधारण एवढी पुढे जाते. म्हणजे एका किलोमीटरला चाकाचे सुमारे ५१५ फेरे!

आता शेजारच्या काकूंची स्कूटर बघा. पुष्कळ स्कूटरांचा टायर ९०/१००-१० असतो. रिंग १० इंची, म्हणजे २५४ मिलिमीटर. अधिक ९० अधिक ९०, झाले ४३४. परीघ सुमारे १३६ सेंटिमीटर. एका किलोमीटरला सुमारे ७३४ फेरे. रस्ता तोच, पण लहान चाकाला दोनशेहून जास्त फेरे जादा मारावे लागतात. लहान चाक खड्ड्यात खोल उतरतं आणि दणका जास्त बसतो, याचंही कारण हेच छोटं माप.

आपलं उत्तर खरं की खोटं, तेही तपासा. टायरवर खडूची खूण करा, तिच्याच खाली जमिनीवर दुसरी खूण करा. मोठ्या माणसाला गाडी हातानं सरळ ढकलायला सांगा. टायरवरची खूण पुन्हा खाली आली की जमिनीवर खूण करा आणि टेपनं अंतर मोजा. तुमचं माप गणितापेक्षा थोडं कमी येईल. घाबरू नका, गणित चुकलेलं नाही! गाडीच्या भारानं टायर खाली थोडा दबतो, म्हणून तसं होतं.

५४ पी ही काय भानगड?

मापाच्या पुढे बघा. ५४पी असं काहीतरी लिहिलेलं असेल. यातला ५४ हा भाराचा क्रमांक आणि पी हे वेगाचं अक्षर.

५४ म्हणजे ५४ किलो नव्हे. हा रोल नंबर समजा. वर्गात रोल नंबरवरून मुलाचं नाव कळतं ना, तसं या क्रमांकावरून टायर किती भार पेलतो ते तक्त्यात शोधायचं. काही क्रमांक देतो:

४२ म्हणजे १५० किलो
४७ म्हणजे १७५ किलो
४८ म्हणजे १८० किलो
५४ म्हणजे २१२ किलो

हे क्रमांक कसेही दिलेले नाहीत. क्रमांक २४ नं वाढला की भार जवळजवळ दुप्पट होतो. क्रमांक ३० म्हणजे १०६ किलो, आणि ३० अधिक २४ किती? ५४! त्याचे २१२ किलो. आता सांगा, ४२ चे १५०, तर ६६ चे किती? शाबास, ३००!

वेगाची अक्षरं अशी: जे म्हणजे ताशी १०० किलोमीटर, के ११०, एल १२०, एम १३०, एन १४० आणि पी १५०. एन नंतर ओ यायला हवा होता, तो कुठे गेला? ओ आणि शून्य शेजारी शेजारी लिहून पाहा, उत्तर तुमचं तुम्हालाच सुचेल. पुढे यू म्हणजे २०० आणि त्याच्यानंतर एकदम एच, म्हणजे २१०. आधी थोडीच अक्षरं वापरात होती, त्यांत एच होता. बाकीची नंतर मधे भरली, म्हणून त्याची जागा अशी वेगळी पडली.

पी आहे म्हणून दीडशेच्या वेगानं पळवायची नसते हं! टायर किती सोसेल, एवढंच ते अक्षर सांगतं. रस्ता, खड्डे, मधेच येणारी गुरं, यांचं काहीच त्याला ठाऊक नसतं.

तीन पोत्यांचं गणित

आता सगळ्यांत महत्त्वाचं उदाहरण. हे आई-बाबांना जवळ बसवून सोडवायचं.

पेरणीचे दिवस आहेत. बाबा युरियाची पोती आणायला तालुक्याला निघालेत. युरियाचं एक पोतं ४५ किलोचं. गाडी साधारण ११० किलोची. बाबांचं वजन ६५ किलो धरू. पुढच्या टायरचा क्रमांक ४७, मागच्याचा ५४. मागे तीन पोती बांधली तर चालेल का?

घाईनं बेरीज करणारा म्हणेल, "दोन्ही टायर मिळून १७५ अधिक २१२, म्हणजे ३८७ किलो पेलतात. गाडी, बाबा आणि तीन पोती मिळून ३१० किलो. मग चाललं की!"

पण थांबा. भार दोन्ही चाकांवर सारखा वाटला जातो का? पोती बांधली मागे. त्यांचा जवळजवळ सगळा भार मागच्या चाकावर. गाडीचा निम्मा धरू, ५५ किलो. बाबांचा निम्मा, ३३ किलो. आणि तीन पोत्यांचे १३५ किलो. बेरीज झाली २२३. मागचा टायर पेलतो २१२! म्हणजे ११ किलो जास्त. आणि खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा क्षणभर टायरवर याहून कितीतरी मोठा दणका बसतो.

बरं, दोनच पोती बांधली तर? ५५ अधिक ३३ अधिक ९०, म्हणजे १७८. टायरच्या हिशेबात बसलं. पण टायर पेलतो म्हणून गाडीची चौकट, शॉकअप आणि ब्रेकही पेलतात असं नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत कंपनीनं बसणाऱ्यांच्या आणि सामानाच्या भाराची मर्यादा दिलेली असते. ती टायरच्या मर्यादेहून बरीच कमी असते, आणि खरी पाळायची तीच. तिथं बहुतेक दोन पोतीही बसायची नाहीत. माणसांच्या बाबतीत तर कायदाच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे दुचाकीवर चालवणाऱ्याच्या मागे एकच जण बसू शकतो.

पालकांनो, हे गणित मुलांसाठी जितकं आहे तितकंच आपल्यासाठीही आहे. एक जादा फेरी मारावी लागली तर पेट्रोल जाईल थोडं. भरल्या गाडीचा टायर भर रस्त्यात फुटला तर काय जाईल, हे मी सांगायला नको.

हवा किती भरायची?

काही टायरांवर जास्तीत जास्त भाराबरोबर केपीए हे हवेच्या दाबाचं मापही लिहिलेलं असतं. पंपावर आपण म्हणतो, "तीस पौंड टाका." एक पौंड म्हणजे साधारण ६.९ केपीए. म्हणून २८० केपीए म्हणजे सुमारे ४१ पौंड.

पण हा आकडा बघून रोज एवढी हवा भरायची नाही. पूर्ण भार पेलायचा तेव्हाचा तो दाब आहे. रोजचा दाब गाडीच्या पुस्तिकेत किंवा गाडीवर चिकटवलेल्या कागदावर असतो. एकट्यासाठी वेगळा, मागे माणूस बसला तर वेगळा. हवा मोजायची ती टायर थंड असताना, सकाळी. आपल्याकडे मे महिन्यात रस्ते तव्यासारखे तापतात. गाडी पळून आली की आतली हवा गरम होऊन दाब वाढलेला दिसतो आणि आपण फसतो.

हवा कमी असेल तर टायर फुगलेला राहत नाही. त्याच्या बाजू दर फेऱ्याला मुडपतात आणि तापतात. अशा टायरला ५४ क्रमांक असला तरी तो २१२ किलो पेलू शकत नाही.

टायरची जन्मतारीख

तुमची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर असते. टायरची त्याच्या अंगावरच असते! एका छोट्या लांबट चौकटीत चार आकडे शोधा. समजा ३२२१ असं आहे. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर २०२१ सालच्या ३२ व्या आठवड्यात बनला. ऑगस्टचा दुसरा आठवडा!

इ. स. २००० च्या आधी तीनच आकडे असत. ३२८ असं असेल तर ३२ वा आठवडा, पण साल कुठलं? १९८८ की १९९८? घोळ झाला ना? म्हणूनच २००० पासून चार आकडे आले.

ही तारीख वाचता येणं फार उपयोगाचं आहे. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. ऊन आणि हवा यांनी ते कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात, अगदी उन्हाळ्यात तडकलेल्या काळ्या शेतासारख्या. टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांपुढे वापरू नये, असं काही टायर कंपन्या सांगतात. दुकानात चकचकीत पुसून ठेवलेला टायर नवाच असेल असं नाही. बाबा टायर घ्यायला गेले तर सोबत जा आणि हळूच सांगा, "बाबा, आधी याची जन्मतारीख पाहू."

नक्षी कशाला असते?

टायरवरची नक्षी शोभेसाठी नाही. पावसात रस्त्यावर पाणी साचतं. नक्षीच्या खाचांतून ते बाजूला निघून जातं आणि रबर रस्त्याला घट्ट धरून राहतं. टायर नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला, की पाणी जाणार कुठून? ते टायर आणि रस्ता यांच्या मधेच राहतं. ब्रेक दाबला की गाडी घसरते. त्यात आपल्याकडे शेतातल्या ट्रॅक्टरांबरोबर काळी माती डांबरी रस्त्यावर येते. पहिल्या पावसात ती लोण्यासारखी होते.

टायर केव्हा बदलायचा, तेही टायरच सांगतो. बाजूवर टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण शोधा. त्याच्या सरळ रेषेत वर नक्षीच्या खाचेत बघा. तळाशी रबराचा एक छोटा उंचवटा दिसेल. नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली, की टायरचे दिवस भरले.

आपल्या देशाच्या मोटार वाहन नियमांत दुचाकीच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी असं म्हटलंय. ०.८ मिलिमीटर म्हणजे केवढं? बँकेचं एटीएम कार्ड जेवढं जाड असतं, साधारण तेवढं. एवढंसं अंतर, पण पावसात तेच कामाला येतं!

आणखी काही खुणा

बाण: काही टायरांवर बाण असतो. चाक पुढे जाताना ज्या दिशेला फिरतं, त्या दिशेला बाणाचं टोक हवं. पंक्चर काढल्यावर टायर उलटा बसू शकतो. दुकानातून निघण्यापूर्वी बाण बघायचं काम तुमचं.

ट्यूब टाइप की ट्यूबलेस: बाभळीचा काटा ट्यूबमध्ये घुसला की हवा भसकन जाते. ट्यूबलेस टायरमध्ये बहुधा ती हळूहळू जाते, गाडी सावरायला वेळ मिळतो. पण तारांच्या साध्या रिंगवर ट्यूबलेस टायर विनाट्यूब चालत नाही, कारण तारांच्या भोकांतून हवा निसटते.

४पीआर, ६पीआर: टायरच्या आतल्या थरांची ही ताकद. आकडा मोठा तर टायर दणकट.

आयएसआय: भारतीय मानक ब्युरोची ही खूण. दुचाकीच्या टायरवर तिच्याबरोबर आयएस १५६२७ हा क्रमांक असतो. केंद्र सरकारनं २००९ मध्ये काढलेल्या आदेशानं टायरांना ही खूण सक्तीची झाली. ती नसेल तर टायर घेऊ नये.

हे सगळं आलं कुठून?

हवेचा टायर सायकलींना मिळाला तो एका जनावरांच्या डॉक्टरमुळे! जॉन बॉइड डनलप हे आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात राहत. मुलाच्या तीनचाकी सायकलला दणके बसू नयेत म्हणून त्यांनी रबराची नळी हवा भरून चाकाला बसवली आणि १८८८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यांच्या चाळीसेक वर्षं आधी रॉबर्ट थॉमसन यांनाही हीच कल्पना सुचली होती, पण ती मागे पडली.

आपल्याकडची एमआरएफ, म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी, १९४६ मध्ये सुरू झाली ती टायर करायला नव्हे, तर मुलांचे फुगे करायला! आणि टायर कुठे दूर परदेशातच होतात असंही नाही. यवतमाळहून वर्ध्यामार्गे नागपूरला जाताना बुटीबोरी लागतं ना? तिथल्या औद्योगिक वसाहतीत सिएट कंपनीचा दुचाकींच्या टायरांचा कारखाना आहे. तुमच्या दारातल्या गाडीचा टायर कदाचित तिथूनच आला असेल!

करून पाहा

या रविवारी वहीत सात रकाने आखा: गाडी, रुंदी, उंची, रिंग, भार, वेग, जन्मतारीख. घरची गाडी, काकांची, शेजाऱ्यांची, गुरुजींची, अशा पाच गाड्यांचे पुढचे-मागचे टायर वाचून काढा. गाडीच्या मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. नुकतीच पळून आलेली गाडी असेल तर सायलेन्सरपासून दूर राहा, चटका बसेल.

तक्ता झाला की प्रत्येक टायरपुढे एक शेरा लिहा: उत्तम, ठीक किंवा बदला. ज्याच्यापुढे 'बदला' असा शेरा पडेल, त्या गाडीच्या मालकाला तो तक्ता स्वतः नेऊन दाखवा. प्रगतिपुस्तक दर वेळी तुमचंच का म्हणून? एकदा मोठ्यांच्या गाडीचंही होऊन जाऊ द्या!